व्यासपीठावर आज कोण?

गिरगावात राजा राममोहन रॉय मार्गावर ‘प्रार्थना समाज’ म्हटलं की बहुतेकांना बसचा थांबा आठवतो, किंवा मग समोरचं मोठं रुग्णालय. ज्या मंदिरावरून हे नाव आलं ते 1874 सालचं. आत मूर्ती नाही, गाभारा नाही. पुढे व्यासपीठ आणि समोर बसायची जागा, एवढंच.

रविवारच्या उपासनेला मी बसले तेव्हा माझं लक्ष आधी व्यासपीठाकडेच गेलं. उद्बोधन, स्तवन, प्रार्थना, उपदेश आणि शेवटी आरती, असा क्रम ठरलेला असतो. मध्ये पदं होतात, तुकोबांचे अभंग होतात. उपासना चालवणारी व्यक्ती आपल्यातूनच उठून पुढे जाते आणि सगळं आटोपलं की खाली येऊन आपल्यात मिसळते. तिच्या उपदेशातला एखादा मुद्दा पटला नाही, तर पायऱ्या उतरता उतरता तसं सांगता येतं. या समाजाचा कारभार समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. व्यासपीठावर बसण्याचा हक्क जन्माने मिळत नाही, दीक्षेनेही मिळत नाही. न्यायमूर्ती रानडे हायकोर्टाचं काम सांभाळून उपासना चालवत, रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतचं अध्यापन आणि संशोधन सांभाळून. पौरोहित्य हा दोघांचाही पेशा नव्हता.

मग आज कोण बसणार, हे ठरवतं कोण? उत्तर अगदी साधं आहे: सभासद, आणि सभासदांनी निवडलेली मंडळी. ज्या धर्मसंस्थेला गुरू नाही आणि ईश्वरप्रणीत ग्रंथही मान्य नाही, तिच्या हाती उरतात सभासदांचं रजिस्टर, वर्गणीची पावती, जमाखर्च आणि इतिवृत्ताची वही. मला हे उरणं फार मोलाचं वाटतं. अशा छोट्या संस्थांच्या वार्षिक सभा मी पाहिल्या आहेत. कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा. ‘सर्वानुमते’ लिहायचं की ‘बहुमताने’, यावर कुणीतरी अडून बसतं, आणि ते अडणं योग्यच असतं. विरोधात हात वर करणाऱ्याची नोंद झाली, तरच त्याला पुढच्या रविवारी ताठ मानेने उपासनेला येता येतं. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले, तर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. या कागदांकडे कटकट म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यात भक्तीचाच एक भाग दिसतो.

या वहीचं मोल कळायला थोडं मागे जावं लागेल. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिचे एक आधारस्तंभ, तर राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. एक ईश्वर मानायचा, जातिभेद मोडायचा, असा विचार. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पण सारं गुप्त, कारण बाहेर कळलं तर जातीबाहेर व्हायची भीती. 1860 मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा विस्कटली. कल्पना करा, त्या यादीत आपलं नाव आहे आणि उद्या ते वाड्यात सगळ्यांना कळणार आहे! दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने 31 मार्च 1867 रोजी प्रार्थना समाज स्थापन झाला, तो मात्र उघडपणे. या उघडपणाची किंमतही मोजावी लागली. सभासदाने जात मोडलीच पाहिजे, घरातले देव काढलेच पाहिजेत, अशी सक्ती समाजाने केली नाही. बंगालमधल्या ब्राह्मो समाजाच्या लोकांना हे मिळमिळीत वाटे. मलाही ही सवलत टोचते. पण ती चारचौघांत चर्चा करून, उघडपणे पत्करलेली होती आणि उघडपणे तिच्यावर टीकाही होत राहिली.

स्वामी दयानंद 1874 मध्ये मुंबईत आले, तेव्हा समाजातल्या काहींना त्यांच्या तेजाची ओढ वाटली. पण कोणताच ग्रंथ ईश्वरप्रणीत न मानणाऱ्या समाजाला त्यांचं वेदप्रामाण्य पटणारं नव्हतं. पुढच्याच वर्षी गिरगावातच त्यांचा आर्य समाज निघाला आणि प्रार्थना समाज आपल्या वाटेने जात राहिला.

युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानता एकच ईश्वर मानणाऱ्या उदार ख्रिस्ती परंपरेतल्या लोकांशी प्रार्थना समाजाचं जुळलेलं नातं विठ्ठल रामजी शिंदे यांच्यामुळे घट्ट झालं. जमखंडीत जन्मलेले शिंदे युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होते. तिथल्या व्याख्यानांइतकंच लक्ष त्यांनी मंडळ्या कशा चालतात याकडे दिलं. इंग्लंड-अमेरिकेत युनिटेरियनांची प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र असते आणि आपला धर्मोपदेशक स्वतः निवडते. या हक्काचा फार जुना दाखला युरोपातल्या ट्रान्सिल्व्हेनियातला आहे. 1568 मध्ये तोर्डा इथल्या सभेने ठरवलं की ज्या उपदेशकाची शिकवण मंडळीला पटते तो तिला ठेवता यावा आणि न पटणारा तिच्यावर कुणी लादू नये. त्याच ट्रान्सिल्व्हेनियात युनिटेरियनांना बिशप मात्र आजही आहे. म्हणजे एकाच श्रद्धेची माणसं कारभाराची घडी वेगवेगळी बसवू शकतात. आपल्याकडे खासी-जैंतिया टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांनी 1887 मध्ये जोवाईत युनिटेरियन मंडळी उभी केली, ती स्थानिकांच्याच हाताने वाढली.

इंग्लंडहून परतल्यावर शिंदे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. ‘पोस्टल मिशन’ ही युनिटेरियनांची रीत त्यांनी इथे आणली: मंदिरात येऊ न शकणाऱ्यांना उदार धर्माचं साहित्य टपालाने पाठवायचं. 1906 मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी काढली. तिचे अध्यक्ष समाजाचेच अध्यक्ष नारायण चंदावरकर होते, पण मंडळीचा कारभार वेगळा ठेवला. पुढे 1910 मध्ये शिंदे प्रचारकपदावरून बाजूला झाले, तरी त्या मंडळीचं काम चालूच राहिलं. कारभार वेगळा ठेवण्याचा निर्णय मला दूरदृष्टीचा वाटतो.

आज अशा छोट्या समाजांना सगळ्यात जास्त चणचण माणसांची असते. तीच चार नावं सूचक, तीच अनुमोदक. चिटणीसपद सोडायचं तर घ्यायला कुणी नाही. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात स्थायिक झालेली. शिंद्यांच्या पोस्टल मिशनचा विचार इथे पुन्हा करायला हवा, असं मला मनापासून वाटतं. मात्र या वेळी दूरच्या माणसाला नुसतं वाचायला साहित्य पाठवून भागणार नाही. त्याला सभासद करून घ्यावं, मताचा हक्क द्यावा, आणि आळीपाळीने उपासनाही त्याच्याकडे सोपवावी, मग तो ती फोनच्या पडद्यावरून का चालवेना. त्यासाठी घटना बदलावी लागेल, ठराव मांडावा लागेल. सूचक मिळेल. अनुमोदक शोधायला हवा.