ड्रोन बॅगेत टाकताय? आधी हे वाचा!

२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे कुठेही चालतो, असं वाटतंय? नेपाळ, थायलंड, जर्मनीचं तिकीट काढण्याआधी नियम बघून घ्या. नाहीतर ड्रोन एअरपोर्टवरच राहील आणि कदाचित तुम्हीही!

माळशेजमध्ये ढग रस्त्यावर उतरले, की कुणीतरी ड्रोन उडवतोच. माहुलीचे सुळके, सिद्धगड, गोरखगड... शहापूर-मुरबाडच्या पोरापोरींच्या इन्स्टावर हे सगळं आता वरूनच दिसतं. चौघांनी मिळून एक ड्रोन घ्यायचा आणि लग्नसराईत प्री-वेडिंगच्या ऑर्डरी करून त्याचे पैसे वसूल करायचे, हे गणितही जुनं झालं. पुढची पायरी म्हणजे फॉरेन ट्रिप. कुणी नेपाळला ट्रेकला निघतं, कुणाला थायलंडचं स्वस्त तिकीट मिळतं, कुणी मास्टर्ससाठी जर्मनी गाठतं. बॅग भरताना कपड्यांच्या घडीत ड्रोनही जातो. ‘आपल्या घाटात कुणी विचारत नाही, तिकडे कोण विचारणार?’

तिकडे विचारतात. काही देशांत तर विमानतळाबाहेर पडायच्या आधीच विचारतात.

आधी घरचे नियम

भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही. पण त्याच मायक्रोवर लग्नाची ऑर्डर घेतलीत, तर लागतं. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन असेल तर त्याची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावाच लागतो. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कुठे उडवायचं, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर कळतं. हिरव्या भागात साधारण १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक, पिवळ्यात परवानगी घ्यायची आणि लाल म्हणजे ड्रोन बाहेर काढायचाच नाही. पण नकाशा हिरवा दिसला म्हणून सगळंच जमलं असं नाही. माहुली तानसा अभयारण्यात येतो आणि सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात. तिथे वन विभागाची परवानगी आधी घ्या. तानसा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं. त्यांच्या भिंतीवर ड्रोन नेण्याचा विचारही नको.

२४९ ग्रॅमचा गैरसमज

आपल्याकडे बऱ्याच जणांकडे डीजेआय मिनीसारखा २४९ ग्रॅमचा ड्रोन असतो. ‘अडीचशेच्या आत आहे, टेन्शन नाही’ हे वाक्य पाठ झालेलं असतं. पण नियम ड्रोनला चिकटलेला नसतो, जमिनीला चिकटलेला असतो. सीमा ओलांडली की नियम बदलतो.

जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅमच्या पुढे नोंदणी सक्तीची आहे. ब्रिटनमध्येही १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅमपासूनच ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. युरोपियन युनियनमध्ये तर खेळणं नसलेल्या ड्रोनला कॅमेरा असला, की वजन कमी असलं तरी उडवणाऱ्याने नोंदणी करायची. पर्यटकाने ही नोंदणी तिथल्या ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे करायची असते. जर्मनीत वर विमाही हवाच. अमेरिकेत हौशी लोकांनाही छोटी मोफत परीक्षा आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे.

नेपाळला जायला आपल्याला पासपोर्टही लागत नाही, म्हणून ड्रोनलाही काही लागत नसेल असं समजू नका. २५० ग्रॅमच्या वर तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते. एव्हरेस्टचा परिसर सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथली आणि अन्नपूर्णा भागातली परवानगी वेगळी.

आणि मोरोक्को, इजिप्तला जाणार असाल, तर ड्रोन घरीच ठेवा. तिथे तो विमानतळावरच जप्त होतो.

एवढं कडक कशाला?

आठवा, २०२४ च्या पावसाळ्यात माळशेजच्या पलीकडे जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या गावांवर रात्री अनोळखी ड्रोन फिरायला लागले, तेव्हा लोकांची झोप उडाली होती. कोण उडवतंय, कशासाठी, काहीच कळेना. तुम्ही परक्या देशात ड्रोन उडवता, तेव्हा तिथल्या माणसासाठी तो अनोळखी ड्रोन तुमचा असतो. खाली लष्कराचा तळ आहे की कुणाचं अंगण, हे तुम्हाला वरून कळत नाही. २०१९ मध्ये इराणमध्ये ड्रोन उडवला म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रॅव्हल ब्लॉगर जोडप्याला काही महिने तुरुंगात काढावे लागले.

नियम एका रात्रीतही बदलतात. जुलै २०२५ मध्ये कंबोडियाच्या सीमेवर लढाई पेटली आणि थायलंडने देशभर ड्रोनबंदी केली. एरवीही तिथे दोन खात्यांकडे नोंद आणि विमा लागतो. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ बघून निघू नका.

परत येतानाची मेख

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण अशा कामांनाच सूट आहे. दुबईहून येताना भावाला सांगून ‘स्वस्तात’ मागवलेला ड्रोन मुंबईच्या कस्टम्समध्ये अडकू शकतो, तो याचमुळे. स्वतःचा ड्रोन नेत असाल, तर जातानाच विमानतळावर कस्टम्सकडे दाखवून त्याच्या सीरियल नंबरसह निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतल्यावर ‘हा आधीपासून माझाच आहे’ हे सिद्ध करत बसाल.

निघण्यापूर्वी एवढं कराच

• त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याची अधिकृत वेबसाइट बघा. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा.
• परवानगीचा मेल आणि ड्रोनचं बिल प्रिंट करून जवळ ठेवा. डोंगरात नेटवर्क नसतं.
• लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्या, चेक-इनमध्ये नाही. टोकांना चिकटपट्टी लावा. बॅटरी १०० वॉट-अवरच्या वर असेल तर एअरलाइनला आधी विचारा.
• टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शूट करू नका. ड्रोनचा नियम पाळला तरी व्हिसाचा मोडेल.
• विमानतळ, लष्करी जागा, सरकारी इमारती, गर्दी आणि सीमेजवळ ड्रोन काढूच नका.
• शंका आली, तर ड्रोन बॅगेतच राहू द्या. फोननेही फोटो निघतात.

ही सवय परदेशात जाऊन लागत नाही. येत्या रविवारी माहुलीला निघण्याआधी नकाशा उघडा, वन विभागाच्या ऑफिसात विचारा. एक शॉट हुकला तर हुकला. पासपोर्टवर शिक्का मात्र चांगलाच बसायला हवा.