जाहिरातीतील पात्रे आणि दूरचित्रवाणीवरील विडंबन

विडंबनाला पूर्वपरिचयाची अपेक्षा असते. मूळ रूप प्रेक्षकाच्या मनात उपस्थित नसेल, तर त्याचे विडंबन निष्फळ ठरते. हा परिचय पूर्वी पुराणे, आख्याने आणि लोकनाट्य यांतून लाभत असे. अमेरिकन दूरचित्रवाणीने तो पुष्कळ अंशी जाहिरातींतील पात्रांकडून घेतला. मालाची ओळख पटविण्यासाठी जन्मलेली ही पात्रे विनोदी मालिकांत शिरली म्हणजे नेमके काय घडते, हे पाहण्यासारखे आहे.

'कूल-एड' या सरबताच्या जाहिरातीत १९५४ पासून हसऱ्या चेहऱ्याचा काचेचा जग दिसू लागला. १९७५ मध्ये त्याला हातपाय फुटले आणि भिंत फोडून प्रवेश करणे ही त्याची खूण झाली. 'फॅमिली गाय' या मालिकेच्या १९९९ मधील पहिल्याच भागात नायकाला शिक्षा सुनावली जाते, कुटुंबीय एकेक करून हळहळतात आणि त्या उद्गारांच्या लयीवर हा जग न्यायालयाची भिंत फोडून आत येतो. सारे स्तब्ध होतात. तो ओशाळून मागच्या पावली निघून जातो. येथील हास्य औचित्यभंगाचे आहे. जाहिरातीत स्वाभाविक वाटणारी कृती तिच्या संदर्भातून काढताच निरर्थक ठरते.

'द सिम्प्सन्स' या मालिकेच्या १९९५ मधील एका कथेत हा विनोद अधिक खोल जातो. रस्त्यावरच्या जाहिरातींचे अवाढव्य पुतळे सजीव होऊन गाव उद्ध्वस्त करू लागतात. त्यांचे सामर्थ्य लोकांच्या दृष्टीत आहे. लोकांनी पाठ फिरवताच ते निष्प्राण होतात. परंतु कथेच्या शेवटी जाहिरातींविषयी सावधगिरीचा इशारा दिला जातो आणि लगेच जाहिरातींसाठीच विराम येतो. आपण जिच्यावर जगतो तिचाच उपहास करीत आहोत, याची ही प्रांजळ कबुली होय.

याउलट, 'गीको' या विमा कंपनीच्या २००४ पासूनच्या जाहिरातींतील मानी गुहामानवांवर २००७ मध्ये 'केव्हमेन' ही स्वतंत्र मालिकाच रचण्यात आली. तेरा भाग तयार झाले, पण अमेरिकेत सहाच दाखविले गेले. अर्ध्या मिनिटात खुलणारी एक लकब म्हणजे व्यक्तिरेखा नव्हे, हेच त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे १९६६ मध्ये अवतरलेल्या 'अमूल'च्या मुलीने हा क्रम उलटा केला. तेथे विनोदकार जाहिरातीकडे पाहून हसतो. येथे जाहिरातच चालू घडामोडींवर कोटी करते. संस्कृत नाटकातील विदूषकाप्रमाणे तिचा वेष ठरलेला आणि वाणी मोकळी आहे. भेद एवढाच, की विदूषक राजाच्या पदरी असे, ही लोण्याच्या पदरी आहे.

म्हणून समीक्षकाने अशा विडंबनाला एकच प्रश्न विचारावा: हसून झाल्यावर प्रेक्षक त्या पात्राच्या प्रभावातून सुटला, की ते त्याच्या स्मृतीत अधिकच दृढ झाले? बहुधा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. या विनोदाचे सामर्थ्य त्यातच आहे आणि त्याची मर्यादाही.