खाका एकदा टोचा, मोर कितीदाही उमटवा

ताईंनो, लग्नाच्या ब्लाऊजवर पैठणीचा मोर हवाच असतो. शेवगावच्या पलीकडं पैठण, त्यामुळे ही नक्षी आपल्या तिसगावकडं कुणाला नवी नाही. पण हाताने काढताना एका बाहीवरचा मोर बारीक आणि दुसरीवरचा जाडा झाला, की गिऱ्हाईकाचं महागडं कापड वाया जातं. भरपाई आपल्याच खिशातून! म्हणून ट्रेसिंग पेपरचा खाका करा.

१. चित्र लहान असेल तर आधी झेरॉक्सवाल्याकडून बाहीच्या मापाएवढं मोठं करून घ्या. ट्रेसिंग पेपर वर ठेवून चिकटपट्टी लावा आणि पेन्सिलीने गिरवा.

२. त्याखाली आणखी एक कोरा ट्रेसिंग पेपर ठेवा, सगळ्यात खाली जाड गोधडी. बारीक सुईने रेषेवर जवळजवळ टोचा. एका मेहनतीत दोन खाके होतात.

३. गडद कापडाला झिंक पावडर, फिकट कापडाला नीळ थोड्या रॉकेलमध्ये कालवा. कापसाचा बोळा त्यात बुडवून पिळा. ओला राहिला तर रंग पसरतो. खाक्यावरून हलक्या हाताने फिरवा. आधी चिंधीवर करून बघा, आणि चूल-गॅसपासून लांब बसा.

४. दुसऱ्या बाहीला दुसरा खाका उलटा ठेवा. मोर समोरासमोर येतात.

काम झालं की खाके पुसून, वाळवून, गुंडाळून ठेवा. वर नक्षीचं नाव व माप लिहा. आणि हो, खाक्याला लागलेला वेळही मजुरीत धरायला विसरू नका.