स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार : पूर्वतयारी व काळजी

शस्त्रक्रिया पार पडली, केमोथेरपीची आवर्तने संपली, डोक्यावर नवे केस दिसू लागले, की रुग्ण भगिनी व तिचे कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर किरणोपचारांचा विषय काढतात. "गाठ तर काढली ना? मग आता आणखी कशासाठी?" हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात जितक्या वेळा ऐकू येतो, तितका क्वचितच दुसरा एखादा येत असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेळीच मिळाले नाही, तर उपचार सुरूच होत नाहीत किंवा अर्ध्यावर सुटतात.

शस्त्रक्रियेत निघते ती दिसणारी गाठ. आसपासच्या ऊतींमध्ये कोणत्याही तपासणीत न सापडणाऱ्या काही कर्कपेशी मागे राहिलेल्या असू शकतात. त्यांचा नायनाट करणे हे किरणोपचाराचे काम. स्तन न काढता केवळ गाठ काढली असेल, तर बहुतेक रुग्णांना ते आवश्यक ठरतात. संपूर्ण स्तन काढलेला असला, तरी गाठ मोठी असल्यास किंवा काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेला असल्यास ते सुचविले जातात. सतरा चाचण्यांमधील दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले, की केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी किरणोपचार न घेतलेल्यांत दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण शंभरात सुमारे ३५ होते. घेतलेल्यांत ते १९ वर आले. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या पंधरा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाणही शंभरात २५ वरून २१ वर उतरले. "आणखी कशासाठी" याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ग्रामीण भागातून येणारे रुग्ण या उपचाराला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. शब्द सोयीचे असले तरी 'शेक' हा शब्द थोडा फसवा आहे. उपचार चालू असताना उष्णता जाणवत नाही, चटका बसत नाही, विजेचा झटका तर मुळीच नाही. छातीचे क्ष-किरण चित्र काढताना जेवढे जाणवते, तेवढेच येथे जाणवते. परिणाम होतो तो पेशींच्या आत, आणि तोही सावकाश.

एकाच दिवशी सर्व मात्रा का देत नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. किरणांमुळे निरोगी पेशींनाही इजा होते. मात्र मधल्या वेळात त्या आपली दुरुस्ती कर्कपेशींपेक्षा अधिक चांगली करतात. म्हणून रोज थोडे, सोमवार ते शुक्रवार, असा क्रम असतो. पूर्वी हा क्रम पाच आठवड्यांचा, पंचवीस दिवसांचा असे. ब्रिटनमधील चाचण्यांचे निष्कर्ष २००८ साली आल्यानंतर तीन आठवड्यांचा, पंधरा दिवसांचा क्रम रूढ झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर काही निवडक रुग्णांना पाच दिवसांतही उपचार देता येतात. कोणाला किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णाशी तुलना करू नये.

तयारीची सुरुवात खांद्यापासून होते. उपचाराच्या वेळी हात डोक्याच्या वर नेऊन दहा-पंधरा मिनिटे निश्चल पडून राहावे लागते. काखेतील शस्त्रक्रियेनंतर अनेकींचा खांदा आखडलेला असतो, आणि दुखेल या भीतीने त्या हात उचलतच नाहीत. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर वर चढत जावे व जेथे हात पोहोचेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. स्वतःची वेणी स्वतः घालणे, दोरीवर कपडे वाळत घालणे हेही उत्तम व्यायाम आहेत. काळजीपोटी घरातील माणसे ही कामे तिच्या हातून काढून घेतात. तसे करू नये.

त्यानंतर नियोजनाचा दिवस. ज्या स्थितीत उपचार होणार, त्याच स्थितीत झोपवून सी.टी. स्कॅन केला जातो. रोग डाव्या बाजूला असेल तर हृदय किरणांच्या वाटेतून दूर राहावे म्हणून काही रुग्णांना श्वास भरून रोखून धरण्याचा सराव देतात. मग छातीवर शाईच्या रेघा किंवा टाचणीच्या टोकाएवढे कायमचे ठिपके उमटवले जातात. या ठिपक्यांना तरुण मुली बिचकतात. वयस्कर स्त्रियांना मात्र गोंदणाची ओळख असल्यामुळे त्यांचे काही वाटत नाही. शाईच्या रेघा पुसल्या जाऊ नयेत, ही खरी काळजी. एका दिवाळीत एक भगिनी नरकचतुर्दशीनंतर उपचारासाठी आल्या, त्या तेल-उटण्याने अभ्यंगस्नान करून, सगळ्या रेघा धुऊन! सणाच्या दिवशी सुनेने प्रेमाने पाठ-छाती चोळून दिली होती. रागवावे तरी कोणाला? खुणा नव्याने करण्यात अर्धा दिवस गेला. तेव्हापासून सणांच्या आधी आमच्या परिचारिका आठवणीने सूचना देतात.

मंगळसूत्राचा विषय नाजूक आहे. गळ्याच्या खालच्या भागातील ग्रंथींवर किरण द्यायचे असतील, तर ते तेवढ्या वेळापुरते उतरवावे लागते. कित्येकींच्या डोळ्यांत त्या क्षणी प्रथम पाणी येते. शस्त्रक्रियेच्या वेळीही आले नसेल असे. हे आधी घरी सांगून ठेवावे. सासूबाईंनी किंवा पतीने ते स्वतःच्या हातात सांभाळले, म्हणजे पुष्कळसे ओझे उतरते.

पहिल्या दिवशी भीती वाटते ती यंत्राची कमी आणि एकटेपणाची अधिक. जाड दार बंद होते, तंत्रज्ञ बाहेर जातात, यंत्र भोवती फिरू लागते. बाहेर पडद्यावर ती सतत दिसत असते, तिचा आवाज ऐकू येत असतो, आणि काही त्रास झाल्यास यंत्र तत्क्षणी थांबविता येते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच सुरू असतात. बाहेर आल्यावर तिच्या अंगात किरण उरलेले नसतात. तिने नातवंडाला कुशीत घ्यावे, पतीशेजारी झोपावे, स्वयंपाक करावा. तिचे ताट-वाटी वेगळे काढणाऱ्या घरांतील मंडळींना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो. डोक्यावरचे केसही या उपचाराने जात नाहीत.

त्वचेचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. परदेशी पुस्तिकांत 'लाली' असे लिहिलेले असते; आपल्या सावळ्या वर्णावर लाली दिसतेच असे नाही. त्वचा काळवंडते, कोरडी पडते, खाजते. स्तनाखालील घडीत व काखेत सोलवटून ओलसरही होऊ शकते. पूर्वी आम्हीच आंघोळीला मनाई करीत असू. आता कोमट पाणी व सौम्य साबण यांना हरकत नाही; मात्र चोळू नये, मऊ कापडाने टिपून घ्यावे. हळद, लेप, तेल, गरम पिशवी, बर्फ काहीही मनाने लावू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम तेवढे वापरावे. घट्ट अंतर्वस्त्रांऐवजी जुन्या धुवट सुती साडीचा सैल पोलका शिवून घ्यावा, आणि उन्हात पदराने भाग झाकावा.

थकवा येतो, आणि तो आळस नव्हे. दुपारी अर्धा-पाऊण तास पडावे, संध्याकाळी थोडे चालावे. साधा चौरस आहार घ्यावा. या काळात उपवास नकोत. कोणी सुचविलेली चूर्णे-गोळ्या डॉक्टरांना न दाखवता घेऊ नयेत. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडण्याची हीच वेळ.

आता सर्वांत महत्त्वाचे. या उपचारात त्वचेच्या त्रासापेक्षा अधिक हानी होते ती खंड पडल्याने. मध्ये दिवस गेले, की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो, आणि चुकलेली मात्रा दुसऱ्या दिवशी सरसकट दुप्पट करून देता येत नाही. खंड का पडतो? कधी यंत्र बंद पडते. हा दोष रुग्णाचा नाही, आणि देखभालीवरील खर्चाकडे विश्वस्तांनी याच दृष्टीने पाहावे. पुष्कळदा मात्र कारण साधे असते. उसाची तोड सुरू होते, मुलाची परीक्षा येते, सोबत आलेल्या भावाची रजा संपते, आणि मुख्य म्हणजे शहरात राहायला जागा नसते. गरजू रुग्णांना योजनांचा आधार आहे: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. कर्करुग्णास उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते, तर एस.टी.त २०२३ पासून सर्वच स्त्रियांना निम्मे भाडे आहे. पण तीन आठवड्यांचा दोन माणसांचा मुक्काम, जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कोणत्याही कागदावर नसतो. गाडगे महाराजांनी पंढरपूर-नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कर्करुग्ण उतरतात. रुग्णाच्या निवासासाठी दिलेली देणगी ही यंत्रासाठी दिलेल्या देणगीइतकीच औषधाच्या कामी येते, असे आम्हांस वाटते. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, खाटेवर लागत नाही, एवढाच फरक.

शेवटच्या दिवशी पेढे वाटले जातात. मात्र त्वचेचा त्रास त्यानंतरच्या आठवडाभरात सर्वाधिक असतो, हे घरी जाणाऱ्यांना ठाऊक असावे. उपचार संपल्यावर त्रास वाढला म्हणून घाबरून जाऊ नये. ताप, पू, हातावर सूज, किंवा काही आठवडे-महिन्यांनी कोरडा खोकला व दम लागणे, यांपैकी काही झाल्यास लगेच दाखवावे. रेघा आपोआप फिकट होतात, त्या घासून काढू नयेत. त्या दिवाळीच्या भगिनींनी शेवटच्या दिवशी पेढ्यांचा पुडा पुढे करीत विचारले होते, "आता उटणं लावू का?" त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत थांबा, असे त्यांना सांगितले. पुढच्या दिवाळीला त्यांनी ते लावले, आणि त्यानंतरच्या तपासणीला येताना आमच्या परिचारिकांसाठीही घरचे उटणे आणले.