बोंडअळीचा वैरी आणि ऊन

कपाशीच्या बोंडअळीचा एक वैरी आहे, ट्रायकोग्रामा. गांधीलमाशीच्या गणातला हा कीटक मिलिमीटरभरही नसतो. पतंगाच्या अंड्यातच तो आपले अंडे घालतो. अळी जन्मण्यापूर्वीच संपते. मजुरी नको, बोनस नको!

पण पारा ३५ अंशांपलीकडे चढला की त्याची पैदास झपाट्याने घटते. अळीला मात्र बोंडात आडोसा मिळतो. हवा अशीच तापत गेली तर शत्रूआधी मित्रच गळेल, आणि मग फवारणीचा पंप मजुराच्या पाठीवर चढेल, ही आमची खरी चिंता. त्या पंपाने काय होते? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले.

बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोग्रामाचा उष्णता सोसणारा वाण निवडून वाढविला आहे. तो बांधावर पोहोचेपर्यंत ट्रायकोकार्डे भर उन्हात न लावता संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूस लावावीत.