एकाच अंगाला उठलेले दाणे

समजा, देवगाव रंगारीतल्या एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मानेवर, फक्त डाव्या बाजूला, मोहरीएवढे कातडीच्याच रंगाचे दाणे उठले. हळूहळू ते ओळीने छातीपर्यंत उतरले. उजवी बाजू मात्र स्वच्छ. घरात पहिला शब्द निघतो, ‘नागीण’. मग कोणी चुना सुचवतं, कोणी बिब्बा.

नागीणही एकाच अंगाला येते, कारण ती चेतातंतूच्या वाटेने जाते. पण ती ठणकते, आग करते, पाण्याचे फोड आणते आणि काही आठवड्यांत खपली धरते. हे दाणे दुखत नाहीत आणि जातही नाहीत. असे दाणे ‘सिरिंगोमा’ असू शकतात. घाम त्वचेवर आणणाऱ्या बारीक नळीपासून झालेली ही साधी गाठ. ती कर्करोग नव्हे आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही.

एरवी सिरिंगोमा दोन्ही डोळ्यांखाली दिसतो, बायकांमध्ये जास्त, बहुधा वयात येताना. एकाच बाजूला ओळीने येणं फार दुर्मीळ. त्याचं मूळ गर्भात असावं, असं मानतात. त्वचा घडताना एखाद्या पेशीत बदल होतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशी ठरावीक वाटेनेच पसरतात. पैठणच्या मागावर ताण्यात एक धागा वेगळ्या रंगाचा लागला, तर त्याची रेघ साडीभर जाते, शेजारचे धागे तसेच राहतात, तसंच हे. या वाटांचा नकाशा जर्मन त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी १९०१ साली मांडला. पाठीवर त्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात. चेतातंतूंशी त्यांचा संबंध नाही.

खात्रीसाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली घामाच्या नळ्या बेडकाच्या शेपटीवाल्या पिलांसारख्या दिसतात. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात होऊ शकते. उपचार केलेच पाहिजेत असं नाही. विजेच्या सुईने किंवा लेझरने दाणे काढता येतात. पण मुळं खोल असल्याने ते परत येऊ शकतात, आणि सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात. बिब्ब्याने तर कातडी भाजते आणि व्रण कायमचा राहू शकतो.

आणखी एक सांगायलाच हवं. मूळ गर्भातलं म्हटलं की बोट आईकडे वळतं: ग्रहणात काय चिरलंस, काय खाल्लंस? यात तिचा काहीही दोष नाही. हे त्या मुलीच्या आजीला आधी समजावून सांगा.