‘श्यामची आई’तल्या माराचे काय करायचे?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त आई श्यामला शिंपटीने झोडपते. पोहायला जायला नको म्हणून श्याम माळ्यावर लपलेला असतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीकडे पिटाळते. मायेची मूर्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकातले हे पान आजच्या किशोरवयीन वाचकाला हादरवते.

धक्का बसतो तो मारणारा हात कोणाचा आहे यामुळे. दुष्ट पात्राकडून मार अपेक्षितच असतो. इथे तो ज्या माणसावर वाचकाने विश्वास टाकला, त्याच्याकडून येतो. शिवाय गोष्ट सांगणारा श्याम आता मोठा झालेला आहे. लोकांनी आपल्याला भित्रा म्हणू नये म्हणून आईने मारले, हे त्याला पटलेले आहे, तो कृतज्ञ आहे. बारा वर्षांचा वाचक मात्र अजून माळ्यावरच बसलेला असतो. शहरी औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या चाळीतल्या मुलाने तुडुंब भरलेली विहीर कधी पाहिलेली नसेल, पण पाठीवरचे वळ त्याच्या ओळखीचे असू शकतात.

गुरुजींनी ते वळ लपवले नाहीत, ही पुस्तकाची सचोटी. आई नंतर त्या वळांना तेल लावते, तिचेही डोळे भरून येतात. तरी प्रेमाने मारले म्हणून मार योग्य ठरत नाही. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली हे पुस्तक लिहिले गेले, तेव्हा मुलांना मारणे ही घरोघरची रीतच होती. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने निदान शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली.

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (1954) धक्का याहून क्रूर आहे. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले नाचाच्या उन्मादात सायमनला ठार मारतात. तिथे वळांना तेल लावणारे कोणी नाही आणि घडल्या गोष्टीचे समर्थन करणारा निवेदकही नाही. त्यामुळे वाचकाला निदान आपल्या संतापाची शरम वाटत नाही. ‘श्यामची आई’ वाचताना ती वाटते, आणि म्हणूनच मूल गप्प होते.

शिक्षक-पालकांनी हे पान गाळू नये, मुलांबरोबर वाचावे. आईची बाजू समजावण्याआधी श्यामबद्दल काय वाटले ते विचारावे. ‘मलाही असंच मारतात’ असे मूल म्हणाले, तर पुस्तक मिटून आधी त्याचे ऐकावे. मदतीसाठी 1098 ही चाइल्डलाइन चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे.